उन्हाळ्याचे आठ आठवडे: वाचन, जवळची भटकंती आणि हाताने लिहिलेला धावफलक

कोरी_वही

उन्हाळ्यात सलग आठ आठवडे मोकळे आहेत. ठरवलेल्या गोष्टी तीन: पडून असलेली जाड पुस्तकं वाचायची, सकाळी जवळपासच फिरायचं, आणि कसोटी सामने नुसते न बघता वहीत धावफलक लिहीत बघायचे. अडतं ते धावफलकात. दहा-बारा षटकांनंतर फलंदाजांच्या धावा आणि एकूण धावसंख्या यांचा मेळ बसत नाही, आणि चूक कुठे शिरली ते सापडत नाही. तक्ता कसा आखावा? वाइड, बाय वगैरे कोणाच्या खात्यात? आणि सामना दिवसभर चालला तर वाचन कधी करायचं? फिरताना काही टिपून ठेवावं की नुसतं फिरावं, यावरही सांगा.

निर्धाव_षटक

आधी तक्ता बदला. छापील स्कोअरबुकात प्रत्येक चेंडू तीन जागी लिहावा लागतो: फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या चौकटीत आणि एकूण धावांच्या पट्टीत. मैदानावर दोन गुणलेखक शेजारी बसून दर षटकाला पडताळतात म्हणून ते जमतं. घरी एकट्याने लिहिताना एक जागा राहून जाते आणि ते अर्ध्या तासाने कळतं.

एकट्यासाठी ओळवार पद्धत बरी. एक षटक म्हणजे एक ओळ. बीबीसी रेडिओवर १९६६ पासून चार दशकांहून जास्त काळ गुणलेखन करणारे बिल फ्रिंडॉल याच घराण्यातल्या पद्धतीने लिहीत. त्यांचे तक्ते बारीक नोंदींनी गच्च भरलेले असत, सुरुवातीला तेवढं नको. आडव्या कागदावर रकाने पाडा: वेळ, षटक क्रमांक, गोलंदाज, डावीकडे एक फलंदाज, उजवीकडे दुसरा, अवांतर, एकूण धावा, बळी. चेंडू जो खेळला त्याच्याच रकान्यात तो लिहायचा, म्हणजे स्ट्राइक कोणाकडे होता हे आपोआप दिसतं.

खुणा अशा: धाव नाही तर टिंब. वाइडला अधिकची खूण (+), आणि त्यावर पळून धावा काढल्या तर तिच्या कोपऱ्यात तितकी टिंबं. नो-बॉलला वर्तुळ, बॅटमधून धावा आल्या तर आकडा वर्तुळाच्या आत. बायला (चेंडू बॅटला वा अंगाला न लागता मिळालेल्या धावा) टोक वर असलेला त्रिकोण, लेग बायला (अंगाला लागून मिळालेल्या) टोक खाली असलेला, आत आकडा.

खाती:
- वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या माथी. बाय आणि लेग बाय त्याच्या माथी नाहीत, त्यामुळे चार बाय गेले तरी षटक निर्धाव राहू शकतं.
- वाइड फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरत नाहीत, नो-बॉल धरतात. षटकाच्या सहांत मात्र दोन्ही नाहीत.
- वाइड सीमापार गेला की ५ वाइड. नो-बॉलवर चौकार मारला की फलंदाजाला ४, अवांतर १, गोलंदाजाच्या नावावर ५.
- धावचीत गोलंदाजाच्या बळींत नाही.

एक षटक सोडवून बघा. धावसंख्या ४६, स्ट्राइकवर अ. टिंब, १, ४, लेग बाय १, वाइड, टिंब, २. अ: ४ चेंडूंत ३ धावा. ब: २ चेंडूंत ४. अवांतर २. एकूण ५५, गोलंदाजाने दिल्या ८. पुढचं षटक ब खेळणार. हे कागदावर न अडखळता आलं की सामना लिहायला बसा.

मेळ दर षटकाला घाला, सत्र संपायची वाट बघू नका. या षटकात फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावांतली वाढ. पाच सेकंदांचं काम आहे, आणि चूक असलीच तर ती याच ओळीत असते. डाव संपला की आणखी दोन पडताळे: सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेग बाय आणि दंडाच्या धावा म्हणजे एकूण धावा, आणि फलंदाजांनी खेळलेले चेंडू म्हणजे वैध चेंडू अधिक नो-बॉल. ७ षटकांत २ नो-बॉल आणि ३ वाइड असतील तर बेरीज ४४ यायला हवी. ४७ आली तर वाइड फलंदाजाच्या चेंडूंत घुसलेत. लागोपाठच्या दोन ओळींत एकाच गोलंदाजाचं नाव दिसलं तर मधलं षटक गळलंय, कारण सलग दोन षटकं एकाला टाकता येत नाहीत.

शाई नको, पेन्सिल घ्या. खोडरबर जवळ.

तिसरा_पंच

वरच्यात दोन भर घालतो, कारण मेळ चुकतो तो बहुतेक इथेच.

नो-बॉलवर बाय गेले तर काय? २०१७ च्या नियमावलीपासून ते बायच लिहायचे, नो-बॉलचा फक्त १. म्हणजे नो-बॉल आणि ४ बाय गेले तर गोलंदाजाच्या नावावर १ धाव, ५ नव्हे. वाइडवर मात्र सगळंच वाइड. जुन्या पुस्तिकेवरून शिकलेले हमखास इथे घसरतात.

दुसरं, झेलबाद. आधी झेल घेईपर्यंत फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं का ते बघावं लागे. १ ऑक्टोबर २०२२ पासून ओलांडलं असो वा नसो, नवा फलंदाज बाद झालेल्याच्याच टोकाला येतो. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर झेल गेला तर टोक बदलल्यामुळे पुढचं षटक जुना फलंदाज खेळतो. इथे नावं उलटी पडली की पुढचं सगळं उलटंच लिहिलं जातं, आणि एकूण बेरीज तरीही बरोबर येते! म्हणून कुठल्याच पडताळ्यात ते पकडलं जात नाही. बळी पडला की पुढचा चेंडू लिहिण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा.

बाय की लेग बाय हे चेंडूकडे बघून ठरवू नका, पंचाकडे बघा. उघडा पंजा वर म्हणजे बाय, उचललेल्या गुडघ्याला हात म्हणजे लेग बाय. खांद्याला बोटं टेकवली तर एक धाव अपुरी, ती वजा. धावचीतच्या वेळी आधी पूर्ण झालेल्या धावा मोजायच्या, ज्या धावेत बाद झाला ती नाही.

रंगीत पेनांच्या नादी लागू नका. प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग दिसतो छान, पण पेन बदलताना चेंडू निसटतो.

कोरी_वही

चेंडू निसटलाच तर? जाहिरातीत किंवा दाराची बेल वाजली म्हणून.

निर्धाव_षटक

जागा रिकामी सोडा आणि पुढचा चेंडू लिहा. अंदाजाने भरू नका. षटक संपल्यावर पडद्यावरची धावसंख्या ‘एकूण’मध्ये टाका आणि रिकामी जागा नंतर चेंडूगणिक लेखी समालोचनावरून भरा. रिव्ह्यूचा निकाल येईपर्यंतही असंच. बादची नोंद करायची घाई कशाला? आणि टीव्हीसोबत रेडिओ लावणार असाल तर एकाचंच ऐकून लिहा. दोन्हींत काही सेकंदांचं अंतर असतं आणि एकच चौकार दोनदा लिहिला जातो.

पानखूण

वाचनाचं गणित आधी मांडा, यादी नंतर. जे पुस्तक वाचायचंय त्यातलंच घड्याळ लावून २० मिनिटं वाचा आणि पानं मोजा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करून सरासरी काढा. समजा १४ पानं आली. रोज पाऊण तास म्हणजे साधारण ३१ पानं. आठवड्यात सहा दिवस धरले तर आठ आठवड्यांत ४८ बैठका, जवळपास १५०० पानं. यात सहाशे पानांची दोन आणि अडीचशेचं एक बसतं. दहा पुस्तकांची चळत उशाशी रचली तर पहिल्या पंधरवड्यातच अपराधी वाटायला लागतं आणि मग एकही होत नाही.

दोन जाड कादंबऱ्या एकदम सुरू करू नका. एक जाड आणि एक लेखांचं, कुठूनही उघडता येईल असं, ही जोडी चालते. पात्रांची गर्दी असलेल्या पुस्तकासाठी पोस्टकार्डाएवढा कागद खूण म्हणून ठेवा. पात्र पहिल्यांदा आलं की नाव, नातं, पान. रशियन कादंबऱ्यांत तर हे लागतंच: एकाच माणसाला पाळण्यातलं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि लाडाचं नाव, आणि बोलणारा बदलला की हाकही बदलते. पन्नास पानांनी एकच माणूस तिघं वाटायला लागतो.

टिपणं लांबलचक नकोत. पान क्रमांक आणि चार-पाच शब्द, बस. अर्धं पान लिहायला बसलात की वाचन थांबतं.

कसोटीच्या दिवसाचं म्हणाल तर वेळ सामन्यातच आहे. दिवसाला सहा तास खेळ, किमान ९० षटकं. मध्ये नेहमीच्या वेळापत्रकात ४० मिनिटं उपाहार आणि २० मिनिटं चहापान. उपाहारातली पहिली दहा मिनिटं मेळ घालण्यात जातील, राहिलेला अर्धा तास पुस्तकाचा. चहापानातही दहा-पंधरा मिनिटं निघतात. झाला की पाऊण तास. पाऊस पडला तर पर्वणीच.

पायवाट

टिपायचं की नुसतं फिरायचं? दोन्ही करा, पण वेगवेगळ्या दिवशी.

नोंदीसाठी दर आठवड्याला नवी जागा शोधू नका. दोन-तीन किलोमीटरची एकच वाट ठरवा, शक्यतो गोल फिरून येणारी, आणि सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात चाला. पक्षी तेव्हाच सर्वांत जास्त बोलतात आणि ऊनही चढलेलं नसतं. सुरुवातीची वेळ, लागलेला वेळ, अंतर, पक्षी आणि संख्या एवढं लिहा. हीच माहिती कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा चालवते त्या ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही भरता येते. ते २००२ पासून सुरू आहे. नुसता आवाज ओळखता आला तरी तो पक्षी मोजतात. ओळखलेले सगळे लिहा, कावळा-चिमणी नेहमीचेच म्हणून गाळले तर ती यादी पूर्ण धरत नाहीत. थवा असेल तर दहा पक्षी नीट मोजा आणि थव्यात असे किती गठ्ठे बसतात ते बघा. वाट जाऊन-येऊन तीच असेल तर अंतर एकदाच धरा आणि परतताना तेच पक्षी पुन्हा मोजू नका.

दुर्बीण ८ x ४२ ची पुरते. ८ म्हणजे आठपट, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारापट घेतली तर हाताचा कंपही बारापट होतो. नवी दुर्बीण धूसर दिसते ती बहुधा डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी कडी) न लावल्याने: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावं झाकून चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दाबायच्या.

वाट ठरवताना एकदा उलट दिशेनेही चालून बघा. सकाळचं ऊन समोरून आलं तर सगळे पक्षी काळेच दिसतात. सूर्य पाठीशी राहील ती दिशा धरा.