पीटर गनचा आठ सुरांचा तुकडा डोक्यातून जात का नाही?

रात्रपाळीवाला (धागाकर्ता)

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक. शेवटचं पान सुटून स्कूटरला किक मारेपर्यंत दीड वाजतो. लक्ष्मी रस्त्यावर सगळी शटरं खाली, फक्त कुत्री ड्यूटीवर. गेल्या पावसाळ्यापासून त्या रस्त्याला लागलो की डोक्यात एकच तुकडा सुरू होतो: 'पीटर गन' या खासगी गुप्तहेरावरच्या १९५८च्या अमेरिकी मालिकेचं शीर्षकसंगीत. संगीतकार हेन्री मॅन्सिनी.

मालिका यूट्यूबवर सापडली. अर्ध्या तासात खून, मारामारी, उलगडा, सगळं उरकतात. गोष्टी दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत, पण तो खालचा खर्जातला तुकडा काही सोडत नाही. शेवटी पेटीवर काढून बघितला. पांढरी चार 'सा' धरली तर सा सा रे सा, ग सा म ग. गंधार कोमल. बस, एवढंच! पुन्हा सा सा रे सा. परवा दहा मिनिटं वाजवत बसलो तर लेक आतून ओरडली, "बाबा, पेटी अडकलीय का?"

आता गंमत अशी की मला जॅझ कळत नाही. मित्राने प्रेमाने दिलेली दोन-तीन मोठ्या नावांची रेकॉर्डिंगं ऐकायला बसलो, दहाव्या मिनिटाला जांभई. रहस्यकथांचंही वेड नाही. मग या जुन्या गुन्हेपटांतलंच जॅझ का धरून ठेवतं? ही जादू सुरांची, की हॅट, धूर आणि ओल्या रस्त्याची? चित्र कधी बघितलंच नसतं तर हे सूर असेच लागले असते का?

धा_तिरकिट

अहो, हा लेहरा आहे! बावीस वर्षं तबला वाजवतोय, सोलोच्या वेळी पेटीवाला अशीच एक ओळ धरून बसतो. त्याने जागचं हलायचं नाही, म्हणून आम्हाला वाट्टेल तिथे भटकून समेवर परत येता येतं. तुमच्या मॅन्सिनीनं तेच केलंय. खालचे आठ सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच, आणि कॉर्डसुद्धा (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) एकच. पाश्चात्य गाण्यात कॉर्ड बदलली की कानाला घर बदलल्यासारखं वाटतं, इथे घर बदलतच नाही. वर ते पितळी भोंगे येऊन केवढा आरडाओरडा करतात, पण खालच्याला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून कान ताटकळत राहतो, की आता काहीतरी होणार. गुप्तहेराचं काम तरी दुसरं काय असतं? निम्मा वेळ कोपऱ्यावर उभं राहून वाट बघणं.

तुमच्या लेकीने अचूक टीका केली आहे, तिला तबल्याला बसवा.

उलटी_तबकडी

लेहऱ्याची कल्पना झकास, पण एक टाचणी टोचतो. ते शीर्षकसंगीत जॅझ नाहीच. खुद्द मॅन्सिनीनेच कबूल केलंय की त्याचं नातं जॅझपेक्षा रॉक अँड रोलशी जास्त आहे. पेटीवर वाजवताना तुम्ही आठही सूर सारख्या अंतरावर पाडले असणार, आणि ते बरोबरच आहे. जॅझच्या झोक्यात जोडीतला पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड पडतो, चाल किंचित लंगडते. इथे सरळ कवायत आहे. म्हणजे जॅझ कळत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला जे आवडलं ते वेगळंच आहे.

खरं जॅझ मालिकेच्या आत आहे. गन जिथे पडीक असतो तो 'मदर्स' नावाचा क्लब आठवतोय ना? तिथली वाद्यं, आणि कोणी दबा धरून बसलं की नुसता डबल बेस (उभं धरून वाजवायचं मोठं खर्जाचं तंतुवाद्य) चालतो ते. मॅन्सिनीची युनिव्हर्सल स्टुडिओतली नोकरी नुकतीच गेली होती. केस कापायला म्हणून तिथल्या न्हाव्याकडे गेला आणि बाहेर पडताना दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स भेटला, त्यातून हे काम मिळालं. पुढे याच मालिकेच्या संगीताच्या तबकडीला पहिल्यावहिल्या ग्रॅमीत, १९५९ साली, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. आणि पियानोवर कोण होतं? जॉन विल्यम्स. हो, तोच, नंतरचा 'स्टार वॉर्स'वाला.

खिडकीपाशी

चित्राचा प्रश्न राहिलाच की. त्यासाठी लुई मालचा फ्रेंच चित्रपट बघा, 'एलिव्हेटर टू द गॅलोज', म्हणजे फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट. खून करून आलेला प्रियकर लिफ्टमध्ये अडकलाय आणि बाहेर त्याची प्रेयसी (नटी जान मोरो) त्याला शोधत रात्रभर पॅरिसच्या रस्त्यावर फिरतेय. तिच्या तोंडावर दुकानांच्या काचेतून येईल तेवढाच उजेड. दोन दुकानांच्या मधे ती चक्क अंधारात जाते! कॅमेरा बाबागाडीत ठेवून ओढत नेला होता.

१९५७च्या ४ डिसेंबरच्या रात्री अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने चार साथीदारांसह स्टुडिओत हे तुकडे पडद्यावर बघत ट्रम्पेट वाजवली. लिहिलेलं जवळपास काही नव्हतं, जुजबी सुरावटी ठरवल्या होत्या, काही तासांत काम संपलं. ऐकताना लक्षात येतं की तो तिच्या पावलांबरोबर चालतच नाही. तिचं दुःख वाढलं म्हणून ट्रम्पेट वर चढत नाही. आपल्याकडे असं दृश्य असतं तर पन्नास व्हायोलिनं एकदम रडली असती. (मला तीही आवडतात, भांडू नका.)

आधी आवाज बंद करून तो प्रसंग बघा. मग दुसऱ्या दिवशी चित्राशिवाय नुसतं ऐका. मला दोन्ही वेळा तो आवडला, पण वेगवेगळ्या कारणांनी.

जुना_प्रोजेक्टर

सगळ्यांच्या डोक्यात जे आहे, म्हणजे पाऊस, हॅट, एकटा सॅक्सोफोन, ते १९४०च्या दशकातल्या गुन्हेपटांत शोधायला जाल तर फसाल. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) बघा, मिक्लोश रोझाचा भलामोठा ऑर्केस्ट्रा. 'द बिग स्लीप'ला (१९४६) मॅक्स स्टायनर, तेच. जॅझ असलंच तर बहुधा क्लबात, पडद्यावर वाजणारं. पार्श्वसंगीतात ते खरं शिरलं १९५०च्या दशकात. आणि तो एकाकी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आपल्या कानात पक्का बसवला तो 'चायनाटाउन' (१९७४) आणि 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) यांनी. म्हणजे जुन्याची आठवण म्हणून आपण जे ऐकतो, ती निम्मी नंतरच्यांनी रंगवलेली.

आपल्याकडेही क्लबातलंच. १९५०च्या आसपासच्या मुंबईच्या क्लबगाण्यांत वाजवणारे बरेचसे गोव्याचे, रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत. 'अलबेला'त (१९५१) ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट स्वतः वाद्यवृंद घेऊन पडद्यावर दिसतो. तो गुन्हेपट नव्हे, संगीत आपल्या राम चितळकरांचं (म्हणजे सी. रामचंद्र), पण ट्रम्पेट ऐकाच.

रात्रपाळीवाला

सगळ्यांचे आभार. उलटी_तबकडी, टाचणी बरोबर टोचलीत. पेटीवर मुद्दाम लंगडं वाजवून बघितलं तर सगळा दराराच गेला, खुनी बारशाला निघाल्यासारखा वाटला.

खिडकीपाशी, तुमचा प्रयोग उलटा केला. आधी नुसतं ऐकलं, एका कानात, काल घरी येताना. अलका चौकात रात्री सिग्नलचा पिवळा दिवा नुसता उघडझाप करत असतो. तिथे थांबून बघितलं, ट्रम्पेट काही केल्या त्या दिव्याच्या लयीत येईना. तिथेच दहा मिनिटं उभा होतो. शेवटी गस्तीवरचा हवालदार मोटरसायकल थांबवून म्हणाला, "साहेब, पेट्रोल संपलं का?"

चित्रपट रविवारी बघतो. धा_तिरकिट, तुम्ही पुण्यातले असाल तर तबला घेऊन या. पांढरी चारला चढेल का, की मी काळी एकवर उतरू?