सूप ‘गुड’ लागतं की ‘वेल’?

प्रश्न : मुलीच्या वहीतलं ‘द सूप टेस्ट्स वेल’ बाईंनी खोडून ‘गुड’ केलंय. क्रिया कशी झाली ते सांगायचं तर क्रियाविशेषण, हे आम्ही घोकलेलं. मग ‘शी सिंग्ज वेल’ बरोबर आणि हे चूक कसं?

– बाई बरोबर आहेत. सूप काही स्वतः चाखत बसत नाही. ते कसं आहे एवढंच आपण सांगतोय. असं क्रियापद म्हणजे लिंकिंग व्हर्ब आणि पुढचं ‘गुड’ हे सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. (स्पेलिंगमध्ये ‘एल’नंतर ‘ई’. तिथे ‘आय’ घातलात तर कर्त्याची स्तुती होईल!) शाळेत शिकलेलं विधानपूरक आठवतंय? ‘संदीप शिक्षक झाला’ यातला ‘शिक्षक’. नुसतं ‘संदीप झाला’ म्हटलं तर समोरचा ‘काय झाला?’ विचारणारच. ताळा सोपा आहे : क्रियापदाच्या जागी ‘इज’ घाला. ‘द सूप इज गुड’ जमतं. ‘शी इज वेल’ केलं की गाणं गायब, नुसती तब्येत ठणठणीत.

– मराठीत हा घोळच नाही. आमटी चांगली लागते, वरण चांगलं लागतं, लाडू चांगले लागतात. विशेषण मुकाट कर्त्यामागून चालतं.

– घोळ तिथेच तर आहे! ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला गातो’ हेही आपण सर्रास म्हणतो. तिथे चांगलं असतं ते गाणं. बाई खाष्ट असली तरी चालेल. म्हणजे आपल्या ‘चांगली’वरून इंग्रजीत काय घालायचं ते कळत नाही. ‘इज’चा ताळाच बरा.

प्रश्न : मग ‘लुक’चं काय? ‘ही लुक्ड अँग्री’ आणि ‘अँग्रिली’ दोन्ही वाचलंय.

– दोन्ही बरोबर, पण क्रियापदं दोन समजा. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ मराठीत वेगळे आहेत, त्यामुळे इथे आपल्याला सोपं जातं. ‘फील’चंही तसंच : एक ‘वाटणे’, दुसरं हाताने ‘चाचपणे’. ‘मला वाईट वाटलं’ला ‘आय फेल्ट बॅड’. ‘बॅडली’ म्हणणारे इंग्रजही भेटतील, पण मला ते बोटं बधिर झाल्यासारखं वाटतं.

प्रश्न : आणि ‘द मिल्क वेंट सावर’? दूध कुठे गेलं?

– कुठेही नाही, पातेल्यातच नासलं.