चहा आणि डाव : तुमच्या बैठकीचे अनुभव लिहा

चहाटळ :
मेंढीकोटाला चार भिडू पुरतात. चहाला पाचवा लागतो आणि तो कधीच नसतो. म्हणून आमच्या ग्रुपचा नियम असा की कोट बसला, म्हणजे चारही दश्श्या समोरच्यांनी नेल्या, की हरलेल्या जोडीने उठून आधण ठेवायचं. तेव्हापासून हुकमाची दश्शी लोक जिवापलीकडे जपतात.
तुमच्याकडे काय खेळतात, चहा कोण टाकतं, कप लवंडला तर पानांचं काय होतं, सगळं येऊ द्या. मोबाईलवरची रमी इथे नको. जोडीदाराच्या भुवया दिसत नाहीत तो कसला डाव!

राणी_कव्हर :
आमचा कॅरम, चाळीच्या गॅलरीत. पहिला कायदा : कप बोर्डावर नाही, फ्रेमवरही नाही. प्लायवूडवर ओल्या कपाचा गोल उमटला की तिथून सोंगटी सरळ जात नाही, मग वर कितीही पावडर मारा. शिवाय ती पावडर बोरिकची, चहात पडून पोटात जायची वस्तू नव्हे. त्यामुळे सगळे कप खाली, भिंतीच्या कडेला.
खरी मजा राणी घेतल्यावर. लगेच आपल्या रंगाची सोंगटी घालून तिला कव्हर करायचं, नाहीतर ती परत मध्यभागी. अशा वेळी आई कप घेऊन आली तर तिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. मागाहून सायीसकट गार चहा प्यायचा. कुरकुर करणाऱ्याला आई स्वयंपाकघराची वाट दाखवते, आणि तिचं बरोबरच आहे.

इस्पिकची_दुर्री :
तिघंच असलो तर पाच-तीन-दोन. 30 पानं, प्रत्येकी 10. वाटणाऱ्याला दोनच हात करायचे असतात, म्हणून चहा त्याच्याकडे. आलं किसून झालं की तो येऊन तिसरा हात ओढतो आणि पुढच्या डावात आमचं पान खेचतो.

उत्तरेचा_वारा :
मी जर्मनीत, ऑस्टफ्रीसलंडमध्ये. इथे शुक्रवारी शेजाऱ्यांकडे कॅटान हा बोर्डगेम मांडतात. 1995चा खेळ, जर्मन लोकांचा घरचाच. फाशांवर सात आला की चोर हलतो आणि ज्याच्याकडे सातांहून जास्त पत्ते त्याचे निम्मे जातात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 6 वेळा सातच, तरी प्रत्येक वेळी सगळे हळहळतात.
चहा मात्र शिस्तीचा. कपात आधी खडीसाखर, वर कडक काळा चहा (साखर तडकल्याचा आवाज येतो), मग कडेने साय सोडायची. ढवळायचं नाही! तीन कप घेणं ही इथली रीत, आणि पुरे झालं की चमचा कपात उभा ठेवायचा. मी पहिल्याच बैठकीत सवयीने ढवळला. आजी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या सातवर चोर माझ्या गव्हाच्या शेतात बसला.

तेरेखोलकाठ :
आमच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा कोणी खेळलंय का? हाताने रंगवलेली 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा, म्हणजे डोकं तापतंच. तिघं बसलो की वाट्याला 40 पानं. एवढा पंखा धरल्यावर कप धरायला हात उरत नाही, आणि रंगाला पाणी लागलेलं चालत नाही. म्हणून चहा आधी किंवा नंतर, मध्ये नाही. कोरा चहा, गूळ घालून.
दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा.

राणी_कव्हर :
@तेरेखोलकाठ, आणि तिन्हीसांजेला बसलात तर?

तेरेखोलकाठ :
भांडण तेव्हाच होतं. आमच्याकडे आजोबा विचारतात, तुळशीपाशी दिवा लागला काय? लागला तर कृष्ण.

इस्पिकची_दुर्री :
आणि दिवा लावतं कोण? रामाचा राजा ज्याच्या हातात, त्याला काडेपेटी सापडायची नाही.