शब्दचर्चा : ‘डीक्लासिफाय’ म्हणजे अवर्गीकृत करणे, खुले करणे, की गोपनीयता उठवणे?

प्रश्न (खानापूर)

आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी गोवा मुक्तीवर लेख लिहिते आहे. डिसेंबर १९६१ मध्ये फौज बेळगावात जमली, सांबऱ्याच्या धावपट्टीवरून लढाऊ विमानं गेली, हे इकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. त्या काळचे लष्करी कागद आज कुणाला बघायला मिळतात, हा लेखाचा एक भाग आहे. तिथं ‘डीक्लासिफाइड’ (आधी गुप्त ठरवलेला, पण पुढं गुप्ततेचा शिक्का काढलेला कागद) हा शब्द पावलोपावली येतो आणि लेखणी अडते. ‘अवर्गीकृत’ लिहिलं, तर वाचनालयातल्या एका काकांनी विचारलं, “म्हणजे अजून लावून ठेवलेले नाहीत होय?” वर्तमानपत्रांत ‘खुली केलेली’, ‘उघड केलेली’, ‘गोपनीयता हटवलेली’ असं सगळंच दिसतं. नेमका शब्द कोणता घ्यावा?

निपाणी

‘अवर्गीकृत’च ठेवा. हिंदी बातम्यांत तो रुळला आहे, एका शब्दात काम होतं, विशेषण म्हणूनही चालतो.

बेळगाव (शहापूर)

ताई, त्या काकांची शंका अगदी रास्त आहे. माझी नोकरी पलीकडं चंदगड-गडहिंग्लज भागात, रेकॉर्ड रूममध्ये झाली. महाराष्ट्राच्या कचेरीत ‘वर्गीकरण’ म्हणजे फाईल किती वर्षं ठेवायची ते ठरवणं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘ड’ एक. मुदत सरली की त्या फायलींचं ‘निंदणीकरण’ होतं, म्हणजे त्या काढून टाकतात. हा शब्द शेतातून आलेला आहे. आपण ज्याला भांगलण म्हणतो तीच निंदणी. अशा कचेरीत ‘अवर्गीकृत फाईल’ म्हटलं तर कारकून तिला गठ्ठ्यात लावायला घेईल. गुप्ततेचा त्यात वाससुद्धा नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. ज्या कागदावर गुप्ततेचा शिक्का कधी पडलाच नाही तो वेगळा आणि ज्यावरचा शिक्का रीतसर काढला तो वेगळा. ‘अवर्गीकृत’ या एका शब्दात दोन्ही गोळा होतात. संशोधकाला मात्र हा फरक कळायलाच हवा, कारण दुसऱ्या कागदामागं कुणाचा तरी निर्णय असतो.

हा निर्णय कसा होतो ते पाहिलं तर शब्दही सापडतो. केंद्र सरकारच्या कागदांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि त्याखालचे १९९७ चे नियम लागू आहेत. ज्या खात्यानं कागद तयार केला त्याच खात्यानं अवर सचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी नेमायचा. त्यानं दर पाचव्या वर्षी गोपनीय कागद तपासायचे. एखाद्यावर ‘परम गुप्त’ असा शिक्का असेल तर तो ‘गोपनीय’ या खालच्या दर्जावर आणता येईल का, शिक्का पूर्णच काढता येईल का, हे त्यानं बघायचं. पंचवीस वर्षं झालेले आणि शिक्का निघालेले कागद मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडं जातात.

म्हणजे शिक्का मारणारा आणि काढणारा हात एकाच खात्याचा. मराठीत अशा कृतीला आपण पिढ्यान्‌पिढ्या एकच क्रियापद वापरत आलोय : उठवणे. बंदी घालतात आणि उठवतात. जप्ती उठवतात, स्थगिती उठवतात, जमावबंदी उठवतात. ज्याला घालायचा अधिकार, त्यालाच उठवायचा, किंवा त्याच्या वरच्याला. म्हणून ‘गोपनीयता उठवणे’. नवा शब्द पाडायची गरजच नाही.

चिकोडी

कन्नडमध्ये ‘गौप्य’ हा कचेरीतला रोजचा शब्द आहे. आमच्याकडं दोन्ही भाषा घरात, त्यामुळं सुचवते. मराठीत तो ‘गौप्यस्फोट’मध्ये आहेच. ‘नेताजींच्या फायलींचा गौप्यस्फोट’ असं कुणी लिहिलं तर चालेल का?

बेळगाव (शहापूर)

नाही चालणार, आणि हे जरा आग्रहानं सांगतो. स्फोट करणारा बाहेरचा असतो, किंवा आतला असला तर चोरून करतो. २३ जानेवारी २०१६ ला नेताजींच्या शंभर फायली राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या, त्या सरकारनं तपासून, ठरवून दिल्या. त्याला स्फोट म्हटलं तर त्यामागची सगळी प्रक्रिया पुसली जाते.

उलट बाजू बघा. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. तो हजारोंनी वाचला, पण त्यानं सरकारचा शिक्का हलला नाही. हा अहवाल फुटला, त्याची गोपनीयता उठली नाही. मराठीत ही दोन क्रियापदं इतकी स्वच्छ वेगळी असताना ती मिसळू नयेत.

खानापूर

दादा, ‘उठवणे’ पटलं. मग ‘खुली करणे’ आणि ‘उठवणे’ एकच का? आणि अमेरिकेच्या बातम्यांत ‘ऑटोमॅटिक डीक्लासिफिकेशन’ येतं, त्याला काय म्हणायचं?

बेळगाव (शहापूर)

एक नाही. गोपनीयता उठली तरी कागद खात्याच्या कपाटातच असू शकतो. तो अभिलेखागारात जायला हवा, त्याची सूची व्हायला हवी, मग तो तुमच्या माझ्या हातात येतो. ती ‘खुला होणे’ची पायरी. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये युद्धांचा इतिहास लिहिण्याबद्दल धोरण जाहीर केलं, त्यात पलटणींच्या युद्धदैनंदिन्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडं द्यायच्या आहेत, पण गोपनीयता उठवायची जबाबदारी ज्या त्या संस्थेकडंच ठेवली आहे. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. किती घरांत आजोबा-पणजोबांची पदकं आहेत. त्या घरच्या माणसाला ‘पंचवीस वर्षं झाली, कागद खुले’ असं लेखातून वाटलं, तर तो दिल्लीला हेलपाटा घालेल. कृपा करून दोन शब्द दोन ठिकाणीच वापरा.

अमेरिकेचं उत्तर तर आपल्या व्याकरणातच आहे. तिथं २००९ च्या अध्यक्षीय आदेशानुसार (क्रमांक १३५२६) कायम जपायच्या कागदाला पंचवीस वर्षं झाली की त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला गोपनीयता आपोआप जाते. एखाद्या खात्याला ती ठेवायची असेल, तर त्यानं आधी कारण दाखवायचं. गुप्तहेराची ओळख, संहारक शस्त्रांची माहिती अशी ठरलेलीच कारणं आहेत. म्हणजे तिथं गोपनीयता उठते. आपल्याकडं ती उठवावी लागते, नुसती पंचवीस वर्षं लोटून काही होत नाही. तुमच्या १९६१ च्या कागदांना पंचवीस वर्षं १९८६ मध्येच झाली. तरी प्रत्येक कागदाबाबत ‘उठवली का?’ हा प्रश्न उरतोच.

निपाणी

हे मान्य. पण नाम काय करणार? ‘उठाव’ म्हणालात तर बंड होईल.

बेळगाव (शहापूर)

‘उठाव’ नकोच. ‘गोपनीयता उठवण्यासाठी फेरतपासणी’ लिहा. लांब आहे, पण मराठी वाक्य क्रियापदावर चांगलं चालतं. ‘निर्गोपन’, ‘विगोपन’ असलं काही घडवू नका. वाचणाऱ्याला आधी शब्द सोडवावा लागेल आणि मग अर्थ.

निपाणी

एक भर. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(३) मध्ये मुदत वीस वर्षांची आहे. तेवढी जुनी माहिती बहुतेक अपवाद बाजूला ठेवून द्यावी लागते. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे मात्र तरीही शिल्लक राहतात. आणि कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यायचा. वगळलेल्या भागावर ज्या काळ्या पट्ट्या मारतात, तशा प्रतीला काय म्हणायचं?

बेळगाव (शहापूर)

‘मजकूर झाकून दिलेली प्रत’. ‘खोडून’ नको. मूळ कागदावर मजकूर तसाच असतो, पुढच्या तपासणीत ती पट्टी निघू शकते.

खानापूर

मग लेखातलं वाक्य असं केलं : “गोवा मोहिमेच्या ज्या कागदांची गोपनीयता संबंधित खात्यानं उठवली आणि जे राष्ट्रीय अभिलेखागारात खुले झाले, तेवढेच वाचकाला पाहता येतात. काहींच्या प्रती मजकूर झाकून दिलेल्या असतात.” वाचनालयातल्या काकांना दाखवते.

चिकोडी

‘संबंधित खात्यानं’ऐवजी ‘ज्या खात्याचा कागद त्या खात्यानं’ लिहा. कुणाकडं अर्ज करायचा तेही कळेल.