सातवीच्या वर्गात नोटिशीची गोष्ट घ्यावी का?

केजचा मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवतो. एका जुन्या दिवाळी अंकातली चार पानांची गोष्ट अवांतर वाचनाला घ्यायची म्हणतोय. घरात वाचता येणारी एकटीच, बारा वर्षांची मुलगी. सोसायटीच्या कर्जाची नोटीस येते. बाप म्हणतो, "वाच." ती वाचत जाते, जप्तीच्या ओळीपाशी अडखळते, ती ओळ गाळते आणि पुढची वाचते. त्या रात्री बाप गाढ झोपतो, ती जागी राहते. एवढीच गोष्ट.

लेकरू कुठल्या क्षणी मोठं होतं, ते या गोष्टीत बोट ठेवून दाखवता येतं. पण एक पालक शाळेत येऊन सांगून गेले, "मास्तर, आईबापाला फसवायचं शिकवायलात का?" मला ते पटलं नाही, पण झटकूनही टाकता येईना. दिवाळीनंतर घ्यायचा विचार आहे. तुम्ही काय म्हणता?

लातूरची बाई
सर, जरूर घ्या. फक्त "गोष्टीतून काय बोध मिळतो" हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की चाळीसच्या चाळीस वह्यांत "नेहमी खरे बोलावे" उतरतं. त्या पालकांचा प्रश्नच वर्गात ठेवा: तिनं बापाला फसवलं का सांभाळलं?

वाचताना जप्तीच्या ओळीच्या आधी थांबा. पुढं ती काय करील ते लेकरांना वहीत लिहू द्या. मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही, वही तपासायची नाही. मग उरलेली गोष्ट वाचा. शेवटी एकच विचारा, ती मोठी नेमकी कुठल्या वाक्याला झाली? ओळ गाळली तेव्हा, की रात्री झोप आली नाही तेव्हा? माझ्या अनुभवात यावर मुलं तासभर भांडतात, आणि भांडण जिंकायला गोष्ट पुन्हापुन्हा वाचतात.

धारूरचा ऊसतोड्याचा पोरगा
माझा विरोध आहे. बाई, तुमची रीत चांगली असेल, पण वर्ग कुणाचा आहे ते बघा. आमच्याकडं लेकराला मोठं होणं शिकवावं लागत नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की दसरा झाल्यावर टोळी ऊसतोडीला निघायची, ती गुढीपाडव्याच्या आगंमागं परत यायची. आईबापाचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीला जोडी एकच धरायची. मी अकरा वर्षांचा असताना कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळत भाकरी थापायचो. परत आल्यावर गुरुजींनी धडा शिकवता शिकवता मला उभं केलं आणि म्हणाले, "सांग, तुझा अनुभव सांग." सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. आज पस्तिशी उलटली तरी ती दोन मिनिटं मी विसरलो नाही.

ज्याच्या घरात नोटीस फळीवर ठेवलेली आहे, त्याला शाळेतही नोटीसच वाचायला देता? त्याला समुद्राची गोष्ट सांगा, चोर-पोलिसाची सांगा. तास-दोन तास लेकरू होऊ द्या की त्याला.

परभणीहून, दोन लेकरांची आई
दादा, तुम्हाला उभं केलं ते चुकलंच. पण ते गुरुजींचं चुकलं, धड्याचं नाही.

माझी मुलगी सातवीत आहे. मागच्या वर्षी तिच्या वडिलांचं काम गेलं. आम्ही तिला काही सांगितलं नाही. तिनं सहलीचे पैसे मागितलेच नाहीत, "मला नाही जायचं" म्हणाली. मला वाटलं, लहान आहे, हौस फिरली असेल. कितीतरी महिन्यांनी कळलं की तिला सगळं ठाऊक होतं. तेवढे महिने ती एकटी होती. तिच्यासारखी एक मुलगी गोष्टीत भेटली असती तर स्वतःबद्दल एक शब्दही न बोलता तिला त्या मुलीबद्दल बोलता आलं असतं. गोष्टीचा हा आडपडदा लेकरांना फार कामाचा असतो.

निवृत्त शिक्षक, नांदेड
एक जुनी गोष्ट आठवली, थोडी बाजूची आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. आमच्या आजोबांना मराठी वाचता यायचं, पण महसुलाचा कागद आला की गावात उर्दू जाणणारा शोधावा लागे. तो सांगेल ते खरं. १९४८ ला ते राज्य गेलं, तरी आजोबांची सवय गेली नाही. कागद दुसऱ्यानं वाचला की ते दोनदा विचारायचे, "सगळं वाचलंस ना?"

म्हणून मला ही गोष्ट फसवणुकीपेक्षा वाचता येण्याची वाटते. ज्याला अक्षर येतं त्याच्या हातात दुसऱ्याची झोप असते. सातवीतल्या कितीतरी लेकरांच्या हातात आज घरातला फोन आहे, बँकेचे मेसेज तेच वाचून दाखवतात. त्यांना हे कळायचं वय हेच आहे. मात्र धारूरच्या दादांचं एक मानायलाच हवं, उभं करून विचारायचं नाही म्हणजे नाही.

केजचा मास्तर
धारूरचे दादा, तुमचं वाचून तासाचं टाचण पुन्हा काढलं. "तुमच्या घरी असं कधी घडलं आहे का?" असा प्रश्न मी लिहिला होता. तो खोडला. वही न तपासण्याचं बाईंचं म्हणणंही घेतो.

धारूरचा ऊसतोड्याचा पोरगा
प्रश्न खोडलात, बरं केलं. पण दिवाळीनंतर गोष्ट घेणार म्हणता. तेव्हा तुमच्या वर्गातली किती लेकरं उसाच्या फडावर असतील? म्हणजे जिच्यावर गोष्ट आहे ती बाहेर, आणि मागं राहिलेले तिच्यावर चर्चा करणार.

केजचा मास्तर
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गेल्या वर्षी नऊ लेकरं गेली होती. काही हंगामी वसतिगृहात राहिली, बाकीची आईबापासोबत गेली. मग १७ सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की त्याच आठवड्यात घेतो. सगळी वर्गात असतात तेव्हा.

लातूरची बाई
आणि सर, सलग दोन तास ठेवा. अर्ध्यावर घंटा झाली तर ती मुलगी रात्रभर जागीच राहील.

धारूरचा ऊसतोड्याचा पोरगा
घ्या मग. माझं मन अजून तयार नाही. पण त्या तासाला एखादं लेकरू मान खाली घालून बसलं, तर त्याला तसंच बसू द्या. काय झालं म्हणून विचारू नका.