उपवासकाळात आणखी काय सोडायचं?
नोकरी गेली, घर बदललं, वर्षभरात इतकं सुटलं. आता ईस्टरआधीच्या उपवासकाळात (लेंटमध्ये), जेव्हा आपण ख्रिस्ती एखादी आवडती गोष्ट सोडतो, आणखी काय सोडू, हा तुमचा प्रश्न मनाला लागला. माझ्या मते, यंदा काहीच नको. सक्तीचे उपवास तसे दोनच, या काळाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार, आणि येशूच्या मरणाचा दिवस म्हणजे उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). आजाऱ्याला त्यातूनही सूट असते. बुधवारी कपाळाला लागते ती राख मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्यांची. जुन्या घरात क्रुसामागे खोचलेली झावळी जपली असेल, तर ती चर्चमध्ये नेऊन द्या. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस भरतात ४६, पण रविवार उपवासात धरत नाहीत. त्या दिवशी गोडधोड करा, माणसांत बसा. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे आठवत करायच्या प्रार्थनेला, मात्र जा. चौदा स्थानांपैकी तीन ठिकाणी येशू पडतो. तिथे मला दरवेळी रडू येतं, आणि कुणी वावगं मानत नाही.