नवीन लॅपटॉप घेतलाय, रोजच्या कामाला काय काय टाकू?

सांगलीकर
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं वापरलेला लॅपटॉप गेल्या आठवड्यात कायमचा झोपला. बिजागरी तर कधीच तुटली होती, मागे पुस्तक टेकवून चालवत होतो, आता मदरबोर्डच गेला. नवीन घेतला, विंडोज ११ वाला. दुकानातून येतानाच त्यात इतकं काय काय भरून आलं होतं की चालू केला की कोपऱ्यातून खिडक्या उड्या मारायच्या, हे रिन्यू करा ते रिन्यू करा. ते सगळं उडवलं. आता पाटी कोरी आहे तर म्हटलं विचारावं, तुम्ही लोक रोज खरंच काय वापरता?

मी पतसंस्थेत आहे. थकबाकीच्या नोटिसा, मीटिंगचं इतिवृत्त, एक्सेलमधल्या याद्या, हे ऑफिसचं. घरी मुलीचे परीक्षांचे फॉर्म भरायचे आणि आईला जुने पिक्चर लावून द्यायचे. आत्तापर्यंत फक्त पिक्चर बघायला व्हीएलसी आणि झिप फाईली उघडायला सेव्हन-झिप टाकलंय. फुकटातलं असेल तर बरं पण क्रॅक (चोरून फुकट केलेलं) नको, मागे एकदा हौस फिटलीय.

घाटावरचा
एव्हरीथिंग टाका, बाकी नंतर बघू. नावच एव्हरीथिंग आहे. विंडोजच्या सर्चमध्ये फाईल शोधायची म्हणजे चहा करून यायचं, इथे तुम्ही दोन अक्षरं टाईप करेपर्यंत यादी समोर. ते एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही, डिस्कवर सगळ्या फाईलींच्या नावांची जी मूळ नोंदवही असते तीच वाचून घेतं, म्हणून एवढा वेग. देवनागरीत नाव दिलं असेल तरी सापडतं. फक्त एक लक्षात ठेवा, नावावरून शोधतं, फाईलच्या पोटात काय लिहिलंय ते नाही. त्यामुळे "नवीन फायनल २ खरंच फायनल" अशी नावं देणाऱ्यांना देवसुद्धा वाचवू शकत नाही (मी त्यातलाच).

दुसरं इरफानव्ह्यू, फोटो बघायचं आणि लहान-मोठे करायचं सॉफ्टवेअर. मुलीच्या फॉर्मसाठी हेच लागणार बघा, फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत ही कटकट असतेच ना. जेपीजी सेव्ह करताना त्यात किती केबीची फाईल पाहिजे तो आकडा टाकायची सोय आहे, पण त्यासाठी त्याचे प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) वेगळे डाउनलोड करावे लागतात, ते विसरू नका. १९९६ पासून आहे हे सॉफ्टवेअर, दिसायलाही तेव्हाचंच वाटतं, पण काम चोख. घरगुती वापराला फुकट. ऑफिसात वापरायचं तर लायसन घ्यावं लागतं.

अक्षरजुळणी
सांगलीकर, नोटिसा मराठीत टाईप करता ना? मग आधी सांगा कुठल्या फॉन्टमध्ये करता. मी बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी, केलंय आणि अजून आठवड्याला एक तरी माणूस पेन ड्राईव्ह घेऊन येतो की ताई हे उघडलं की सगळं इंग्रजी चिन्हंच दिसतायत. अहो, त्या जुन्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की मुखवटा गळला. व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, शोधता येत नाही, याद्या अकारविल्हे लागत नाहीत.

युनिकोडमध्ये करा, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो. त्यासाठी काहीच टाकावं लागत नाही, विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेत मराठी घाला, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. मी त्यातली इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं डोक्यात बसलं की पंधरा दिवसांत हात चालतो. आणि "दुसऱ्या"मधला तो ऱ्य सगळ्यांना छळतो ना, तो शिफ्ट जे, मग डी, मग य. झाला.

फिरस्ता
ताईंचा मान राखून, पंधरा दिवस कोणाकडे आहेत? त्याच सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड पण आहे, विंडोज १० मध्ये २०१९ ला आला, आपण चॅटवर लिहितो तसं रोमनमध्ये टाईप करा, तो मराठी शब्द सुचवतो. माझ्या सासऱ्यांनी ७१ व्या वर्षी एका दुपारीत जमवलं.

अक्षरजुळणी
जमतं हो, पण जोडाक्षर आलं की तो सुचवेल ते घ्यायचं आणि मग नोटिशीत कर्जदाराचं आडनावच बदलून जायचं. पत्राला ठीक आहे, नोटिशीला नको.

म्युनिकचा पाहुणा
मी गेली सहा वर्षं लिब्रेऑफिसवर आहे, वर्ड-एक्सेलसारखंच पण फुकट, घरच्या कामाला काही अडत नाही. पण ऑफिसातल्या वर्डच्या फाईली, ज्यात टेबलात टेबल आणि लेटरहेड असतं, त्या उघडल्या की थोडं इकडचं तिकडे होतं हे खरंय, तेव्हा पतसंस्थेसाठी आधी चार फाईली उघडून बघा. एक्सेलवाल्यांना एक टिप, आकडे १,२३४,५६७ असे दिसत असतील तर सेलमध्ये खटपट करू नका, विंडोजच्या रीजनमध्ये इंग्लिश इंडिया करा, स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात. माझ्याकडे जर्मन सेटिंग आहे, हजाराला टिंब येतं. बाबांना पहिल्यांदा हिशेबाचा स्क्रीनशॉट पाठवला तर फोन आला, अरे दहा हजाराचे दहा रुपये कसे झाले?

आणि आईच्या पिक्चरला सबटायटल मागेपुढे होत असतील तर व्हीएलसीत जी आणि एच दाबा, आवाज मागेपुढे असेल तर जे आणि के.

फिरस्ता
विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबायचं पण सांगा कोणीतरी. शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी दिसतात. पहिल्यांदा चालू करून घ्यावं लागतं, नंतर त्याशिवाय जमत नाही.

सांगलीकर
सगळ्यांचे आभार. एव्हरीथिंग टाकलं, आणि जुन्या हार्डडिस्कवर २०१८ च्या सभेचं जे इतिवृत्त मॅनेजरसाहेब दोन वर्षं मागत होते ते अर्ध्या मिनिटात सापडलं. उघडलं तर ताई म्हणतात तसंच, सगळी इंग्रजी चिन्हं! आता फॉन्ट कुठला होता ते शोधतोय. ताई, हे युनिकोडमध्ये बदलून मिळतं का कुठे, की परत टाईप करायचं? सतरा पानं आहेत.

अक्षरजुळणी
परत टाईप नका करू, कन्व्हर्टर असतात. आधी पहिल्या दोन ओळी इथे टाका, चिन्हं बघून फॉन्ट ओळखते.